तीन वर्षांत दुष्काळ येईलच असं नाही

परवा एमएस्सीची एक मुलगी तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, मॅडम पीएचडीला रजिस्ट्रेशन करायचंय, तीन वर्षांत नक्की होईल असा एखादा टॉपिक सांगा ना. हुशार आहे पोरगी, अक्कलकोटकडच्या एका गावातून रोज एसटीने येते, घरी लग्नाची घाई चाललीय, फेलोशिप मिळाली तर घरचे थांबतील एवढंच तिचं गणित आहे आणि ते बरोबरच आहे. मी तिला चार विषय सांगितले. चारही लॅबमधले, कुंडीतले. रानातला एकही सांगितला नाही. घरी येताना सात रस्त्याला सिग्नलवर गाडी थांबली तेव्हा हे माझ्या लक्षात आलं आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलेय.

माझं स्वतःचं पीएचडीचं काम रब्बी ज्वारीच्या रानातल्या ओलीवर होतं. आमच्याकडं तिला शाळू म्हणतात. बाहेरच्या लोकांना शाळू म्हटलं की हुरडा आणि कडक भाकरी एवढंच आठवतं, म्हणून थोडं सांगते. हे पीक पावसात वाढतच नाही. जून ते सप्टेंबर रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या घालायच्या, पडेल तेवढं पाणी काळ्या मातीच्या पोटात साठवायचं, मग उत्तरा-हस्तात पेरणी करायची आणि पुढं फेब्रुवारीपर्यंत पीक त्या साठवलेल्या ओलीवरच जगतं. माती वाळायला लागली की भेगा पडतात, भेगांतनं ओल उडून जाते, म्हणून कोळपं मारून त्या बुजवायच्या. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं म्हणतात ते याच्यासाठी. पेरायच्या दिवशी जमिनीत किती पाणी आहे आणि ते किती दिवस पुरतंय, सगळं यावर.

माझा प्रश्न साधा होता. पावसाळ्याच्या सुरुवातीला रानात बंदिस्त वाफे पाडले, म्हणजे चारी बाजूंनी बुटका वरंबा, तर पाणी वाहून न जाता जागच्या जागी मुरतं. ही शिफारस सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राची, जुनीच आहे, मी काही नवीन शोधलं नव्हतं. मला बघायचं होतं की मंगळवेढ्याकडच्या आमच्या मध्यम खोलीच्या रानात ते मुरलेलं पाणी किती खोलीवर राहतं आणि किती दिवस टिकतं. अप्पांचं रान घेतलं, पट्टे पाडले, एका पट्ट्यात वाफे, शेजारचा सपाट, असे आलटून पालटून. दर पंधरा दिवसांनी ऑगर घेऊन मातीचे नमुने काढायचे, पिशव्या बांधायच्या, सोलापूरला आणून ओव्हनमध्ये वाळवून वजन करायचं. अप्पा बांधावर बसून बघायचे. काय शोधालीस गं एवढं, ओल हाताला कळतीय की, म्हणायचे.

पहिलं वर्ष २०१६. पाऊस चांगला झाला. वाफ्यातला शाळू आणि सपाट रानातला शाळू, दोन्ही सारखेच. २०१७ ला पण तेच. जमिनीचं पोट दोन्हीकडं भरलेलंच होतं तर फरक दिसणार कुठून. अप्पा तेव्हाच म्हणाले होते, पाऊस असल्यावर कसला फरक दिसतोय, दुष्काळ पडू दे मग बघ. पण मी दुष्काळाची वाट बघू शकत नव्हते कारण तेव्हाचा यूजीसीचा नियम असा की थिसिस सादर करायच्या आधी निदान एक पेपर छापून आलेला पाहिजे आणि दोन कॉन्फरन्समध्ये वाचलेले पाहिजेत, आणि फेलोशिपचं तिसरं वर्ष सुरू व्हायला आलेलं. दोन वर्षांच्या आकड्यांवर पेपर लिहिला. निष्कर्ष काय, तर बंदिस्त वाफ्यांमुळे उत्पादनात लक्षणीय फरक आढळला नाही. छापून आला. आकडे खरे होते, स्टॅटिस्टिक्स बरोबर होतं.

मग २०१८ आलं. पाऊस मधेच थांबला, परतीचा आलाच नाही. ऑक्टोबर संपता संपता सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आम्ही कशीबशी पेरणी केली. डिसेंबरमध्ये सपाट पट्ट्यातला शाळू पोटरीतच वाळायला लागला, कणीस बाहेरच पडेना, आणि शेजारच्या वाफ्यातला निसवला. दाणा बारीक भरला, रास लहान झाली, पण रास झाली. कडबा झाला. त्या वर्षी कडब्याची पेंढी कुणी मागितली तरी मिळत नव्हती, लोकं जनावरं छावणीत नेत होते, आणि आमच्या दोन म्हशी त्या वाफ्यातल्या कडब्यावर उन्हाळा काढून गेल्या. मी बांधावर उभी राहून ते दोन पट्टे बघितले आहेत. एक पिवळा पडलेला, एक हिरवट. आणि माझ्या नावावर छापलेला पेपर सांगत होता की फरक नाही.

तुम्ही म्हणाल मग तिसऱ्या वर्षाचा दुसरा पेपर लिहायचा की. लिहिला. तोपर्यंत फेलोशिप संपली होती, त्यातले शेवटचे सात महिन्यांचे पैसे अजून यायचे होते, ओव्हनचं थर्मोस्टॅट गेलेलं. थिसिसमध्ये पद्धतीप्रमाणे तिन्ही वर्षांची सरासरी काढावी लागली आणि सरासरीत तो फरक परत पुसट झाला. दोन ओल्या वर्षांनी एक कोरडं वर्ष झाकून टाकलं. वर्षागणिक वेगळं विश्लेषण करून पेपर बाहेरच्या एका जर्नलला पाठवला तर उत्तर आलं की एकाच दुष्काळी हंगामाचा डेटा आहे, शिवाय विषय स्थानिक महत्त्वाचा आहे. पहिला आक्षेप मला मान्य आहे, एका वर्षावर कुणी विश्वास का ठेवावा. पण दुसरा दुष्काळी हंगाम मिळवायला मी कुठल्या स्कीममधून थांबायचं होतं?

इथं मला खरं काय म्हणायचंय ते सांगते. सरकार विज्ञानाला पैसे कमी देतं ही तक्रार सगळेच करतात आणि ती खरीच आहे, देशाच्या जीडीपीच्या ०.६४ टक्के एवढाच आपला संशोधनावरचा खर्च, त्यात सरकारी खाजगी सगळं आलं. पण पैसे किती याच्याइतकंच पैसे किती वर्षांसाठी हे पण महत्त्वाचं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. प्रोजेक्ट तीन वर्षांचं. शाळू वर्षातनं एकदाच येतो. म्हणजे तीन हंगाम. त्यात दुष्काळ पडला तर पडला. ज्या जिल्ह्याचा सगळ्यात मोठा प्रश्न दुष्काळ आहे तिथं दुष्काळाचा अभ्यास नशिबावर सोडलेला आहे, कारण धोरण ठरवणाऱ्या कुणीतरी कधीतरी तीन वर्षं हा आकडा ठरवला आणि मग आम्ही सगळ्यांनी आमचे प्रश्न त्या आकड्यात बसतील एवढे छोटे करून घेतले. त्या पोरीला मी चार विषय सांगितले ते असेच छाटून आलेले.

हे पूर्वी असं नव्हतं आणि हे सोलापूरनेच दाखवलेलं आहे. १९२६ ला इंग्रज सरकारने शेतीवर रॉयल कमिशन नेमलं, १९२८ ला त्याचा रिपोर्ट आला, त्यातनं १९२९ ला इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च निघाली, म्हणजे आजची आयसीएआर. आणि तिच्या पैशातनं १९३३ च्या सुमारास देशात कोरडवाहू संशोधनाची पाच केंद्रं सुरू झाली, सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी आणि तिकडं पंजाबात रोहतक. पाचातली चार आमच्या या दख्खनच्या पट्ट्यातली. आजीच्या भाषेत सांगायचं तर सगळा आवर्षणाचा मुलुख. इंग्रजांना काही आमचा पुळका नव्हता, दुष्काळ पडला की महसूल बुडतो आणि मदतकामांवर खर्च होतो हे त्यांचं गणित. पण त्या गणितातनं केंद्र निघालं ते जागेवर निघालं, ज्या मातीचा प्रश्न त्याच मातीत. पाऊस मोजा, ओल मोजा, नांगरट किती खोल, पाळ्या किती, वरंबा किती उंच, असं वर्षानुवर्षं. स्वातंत्र्यानंतर १९७० ला कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला, हैदराबादहून चालणारा, त्यात पण सोलापूर आहे. आज बंदिस्त वाफ्याची शिफारस जिच्यावर उभी आहे ती अशी साठत आलेली माहिती.

आणि मालदांडी. मोहोळला १९३० च्या दशकात शेतकऱ्यांच्याच मालदांडीतनं निवड करत करत ३५-१ हे वाण काढलं. मोत्यासारखा टपोरा दाणा, भाकरी पांढरीशुभ्र, कडबा गोड. पुढं १९६४ ला सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला हायब्रिड आला, खरिपात हायब्रिडनी ज्वारीचं चित्र पालटून टाकलं, सगळ्या देशाचं लक्ष, पैसा, माणसं तिकडं गेली. रब्बीसाठी पण हायब्रिड काढले पण ते इथं टिकले नाहीत. खोडमाशी, कमी ओल, भाकरीची चव, कडब्याची उंची, सगळ्यात मालदांडी पुढं. राहुरीच्या विद्यापीठाने नंतर जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणं दिली, हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, हे फार चांगलं काम आहे आणि त्याला पण कितीतरी हंगाम लागलेत. तरी मंगळवेढ्याच्या बाजारात आजपण कुणालाही विचारा, मालदांडी म्हटलं की मान हलते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. नव्वदीला टेकलेलं वाण अजून रानात उभं आहे. एक पेपर इतकी वर्षं टिकलेला मी तरी आमच्या विषयात वाचलेला नाही.

उलटं पण होतं, म्हणजे धोरण पुढं पळतं आणि विज्ञान मागनं धावतं. आमच्या जिल्ह्यातलं डाळिंब बघा. १९७२ च्या दुष्काळातनं रोजगार हमी उभी राहिली, वि. स. पागेंची कल्पना, १९७७ ला कायदा झाला. त्याच रोजगार हमीला जोडून १९९० ला राज्याने फळबाग लागवड योजना आणली. खड्डे खणायची मजुरी सरकार देणार, रोपं सरकार देणार. कल्पना खरंच चांगली होती आणि तिच्यामागं विज्ञान पण होतं, डाळिंब कमी पाण्यावर, मुरमाड रानात येतं हे सिद्धच होतं, गणेश वाण पुण्यात १९३६ पासून होतं. सांगोल्यात बघता बघता माळ हिरवे झाले. माझ्या मामाने तेव्हा तीन एकर लावलेलं, त्यावर दोन मुलींची शिक्षणं झाली. पुढं राहुरीहून भगवा आला, रंग सुंदर, परदेशात मागणी, मग सगळ्यांनी भगवाच लावला, एकमेकांच्या बागेतल्या गुट्या, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून केलेली रोपं, आणून आणून. आणि मग तेल्या आला. जिवाणू आहे तो, पावसाच्या थेंबाबरोबर उडतो, गुटीबरोबर एका गावातनं दुसऱ्या गावात जातो. एकच वाण, मैलोनमैल, आणि रोपं अशी हातोहात फिरलेली, त्याला अजून काय पाहिजे. मामाने २००७ ला बाग उपटली. उपटलेल्या झाडांचा ढीग पेटवला त्या दिवशी मी तिथं होते, मामी घरातनं बाहेर आली नाही.

केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं २००५ ला. लागवडीची योजना १९९०, केंद्र २००५. मधली पंधरा वर्षं रोपवाटिकांतली रोपं निरोगी आहेत की नाहीत, सगळ्यांनी एकच वाण लावलं तर काय होईल, हे विचारणं कुणाचं काम होतं? राहुरीत संशोधन चालू होतं, नाही असं नाही, पण योजनेचं यश मोजलं जात होतं हेक्टरात. एवढे हेक्टर लागवड झाली, टार्गेट पूर्ण. रोगाचा अभ्यास हेक्टरात मोजता येत नाही. केंद्र आल्यावर त्यांनी बहराचं गणित नीट बसवलं, बागेला विश्रांती द्या, पावसाळ्यातला बहर टाळा, पावसाळा संपतानाचा हस्त बहर धरा, छाटणीची कात्री निर्जंतुक करा, यानेच कितीतरी बागा वाचल्यात. सोलापूर लाल हे वाण पण त्यांनी दिलं. पण तेल्याला खरंच दाद न देणारं आणि शिवाय भगव्यासारखं विकलं जाणारं झाड पाहिजे असेल तर हे फळझाड आहे, संकर करायचा, रोप वाढवायचं, फळ यायची वाट बघायची, परत निवडायचं. ते काम तीन वर्षांच्या तुकड्यातुकड्यात कसं होणार. जे करत आहेत त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता आमच्या, म्हणजे संशोधन करणाऱ्यांच्या बाजूचं पण बोलायलाच पाहिजे, सगळं सरकारवर ढकलून चालणार नाही. २०१० ला यूजीसीने कॉलेजच्या प्राध्यापकांना एपीआय आणला, पेपरला एवढे पॉइंट, कॉन्फरन्सला एवढे, प्रमोशन त्यावर. हेतू चांगला होता, कॉलेजात संशोधन व्हावं. झालं काय तर पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या अशी जर्नलं निघाली आणि आम्ही त्यात पेपर दिले. आम्हीच दिले. कुणी बंदूक लावली नव्हती. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीने मान्य जर्नलांच्या आपल्याच यादीतनं ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढली. मग केअर नावाची यादी आली, तीही २०२५ ला बंद झाली. पीएचडीला पेपरची सक्ती २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गेली. नियम चार वेळा बदलले पण स्टाफरूममधला प्रश्न तोच आहे, तुमचे किती झाले? किती, हेच. काय सापडलं असं मला आजपर्यंत दोनच माणसांनी विचारलंय, एक माझे गाइड आणि दुसरे अप्पा.

तसंच विषयांचं. २०१८ ला केंद्राने भरड धान्याला पौष्टिक धान्य म्हणायचं ठरवलं, भारताच्या पुढाकाराने २०२३ हे आंतरराष्ट्रीय मिलेट वर्ष झालं, मग श्री अन्न हे नाव आलं. मला याचा आनंदच झाला, ज्या भाकरीला लोकं गरिबाचं खाणं म्हणत होते तिला मान मिळाला. पण माझ्या ओळखीतले तिघं जण जे आधी वेगळंच काम करत होते त्यांनी प्रस्तावाचं शीर्षक बदललं, आणि बहुतेक नवीन प्रस्ताव ज्वारीच्या बिस्किटाचे, पास्त्याचे. तेही व्हावं. पण बिस्किटाला ज्वारी लागते आणि ज्वारीला ओल लागते, ओलीवर काम करणारे किती वाढले? आणि रेशनवर इतकी वर्षं गहू-तांदूळच जास्त आला, त्याने शाळूचं पेरणी क्षेत्र कसं हललं, यावर एखादा अर्थशास्त्राचा आणि एखादा मातीचा माणूस एकत्र बसून काम करेल अशी जागाच आपल्याकडं नाही, कारण दोघांच्या फाइली वेगळ्या टेबलावर जातात.

चांगलं पण काही होतंय, ते पण सांगते. जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालं, जवळपास १३,००० जर्नलं. ज्या पेपरसाठी मी पुण्याच्या मैत्रिणीला रात्री अकराला मेसेज करायची ते आता सरकारी विद्यापीठातल्या मुलांना सरळ उघडतात. हे छोटं वाटेल पण ज्याने कधी फक्त सारांश वाचून थिसिस लिहिलाय त्याला विचारा. संशोधनाला पैसे देणाऱ्या नवीन राष्ट्रीय संस्थेचा, एएनआरएफचा, कायदा २०२३ ला झाला, पाच वर्षांत ५० हजार कोटी म्हणतात, त्यातला मोठा वाटा खाजगी कंपन्यांकडनं येईल अशी अपेक्षा आहे. मला भीती एवढीच वाटते की शाळूच्या ओलीत पैसे घालून कुठल्या कंपनीला काय मिळणार, बंदिस्त वाफा पाकिटात भरून विकता येत नाही. अशा कामाला सरकारचाच पैसा लागतो, आणि तो लांबचा लागतो. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून एकाच रानात गहू पेरून मोजत आहेत, मधे दोन महायुद्धं झाली तरी मोजत होते.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी सध्या सीएचबीवर शिकवते, तासाप्रमाणे पैसे, सुट्टीचे काही नाही. प्रस्ताव पाठवायला कायम नोकरी लागते त्यामुळं प्रोजेक्ट माझ्या नावावर येऊ शकत नाही. पण ते पट्टे मी मोडले नाहीत. २०१६ पासून दरवर्षी त्याच जागी वाफे आणि त्याच जागी सपाट. ओव्हन वापरायला एका कॉलेजातले सर रविवारी लॅब उघडून देतात. अप्पांना आता ऑगर दाबणं जमत नाही, चुलतभाऊ येतो. अप्पाच मला फोन करून सांगतात पंधरवडा झाला, कधी येतीस.

त्या मुलीला मी उद्या परत बोलावलंय. तिने विषय लॅबमधलाच घ्यावा, तीन वर्षांत पूर्ण करावा, फेलोशिप घ्यावी, यात काही बदल नाही. पण तिची तयारी असेल तर या हंगामापासून नमुने काढायला तिला पण घेऊन जाणार आहे आणि पुढच्या वेळी दुष्काळी वर्षाचे आकडे लिहायची वेळ आली तर पेपरवर तिचं नाव असेल.

आणि हे वाचणाऱ्यांना एक विनंती. मंगळवेढा, मोहोळ, सांगोला, बार्शी, दक्षिण सोलापूर, कुठंही तुमच्या घरी वडलांनी आजोबांनी लिहिलेली वही असेल, कुठल्या तारखेला पेरलं, पाऊस कधी पडला, किती पोती झाली, मग ती पंचांगाच्या मार्जिनमध्ये लिहिलेली असू दे नाहीतर किराणाच्या वहीच्या मागच्या पानावर, तर मला कळवा. मी येऊन फोटो काढून घेते, वही तुमच्याकडंच राहील. १९७२ च्या आधीचं काही असेल तर मी त्याच दिवशी निघते.